बुटातले मोजे

प्रिय कारभारीणबाई,

मी मजेत आहे. आईचे गुडघे काय म्हणतात?

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गारठा फार, म्हणून गेल्या आठवड्यात घरून आणलेले बूट पहिल्यांदा कामावरच्या कपाटातून काढले. आत नवे लोकरीचे मोजे! कोणी ठेवले, कोणीच कबूल होईना. मग सगळ्यांशीच गोड वागणं आलं. ड्रायव्हरला पेट्या उतरवू लागलो, खडूस मुकादमाला चहा नेऊन दिला. तो आधी चक्रावला, पण हल्ली जेवायला शेजारी बसवतो. आता एकट्याने डबा खायला नको.

लिहिता लिहिता आठवलं, बूट तर तूच बॅगेत भरले होतेस.

तसं असेल तर मला सांगूच नकोस. मोजे स्वतःच दिलेत असं आता मुकादमालाही वाटायला लागलंय, आणि तो तसाच वागतोय.

ऊबदार पायांचा,
तुझाच नवरा