नुसतं ‘हं’

१० नोव्हेंबर, रविवार

क्लबचा पहिला दिवस. आगाशिव डोंगराच्या मागच्या अंगाचा कडा. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, अर्चनानं थेट कड्यावर धाडलं. तिच्या शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या विद्याताई क्लब चालवतात, त्यांच्याकडे परस्पर नाव घालून आली. नवरा आहे की सहलीची वर्गणी!

माझ्याकडे ना ट्रॅकपँट, ना बूट. धाकटा भाऊ विकास मागच्या सुट्टीत टाकून गेलेला मिलिटरी कँटीनचा हिरवा टी-शर्ट घातला, त्याचेच बूट घातले. बूट मोठे होतात, टोकाला कापूस कोंबला. खाली वाकून लेस बांधत होतो, तेवढ्यात ताईंनी विचारलं, ‘‘फौजी का?’’

मी म्हणालो, ‘‘हं.’’

हो म्हणालो नाही. लेस बांधताना माणूस हं म्हणतोच. ऐकू आलं तरी हं, नाही आलं तरी हं. मान वर करून ‘नाही, शर्ट भावाचा आहे’ म्हणणारच होतो, पण ताईंनी तोवर सगळ्यांना हाक दिली, ‘‘ऐका रं, आपल्यात फौजी आलेत!’’ टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर कसं सांगणार.

बाकी शिकलो ते: आठाची गाठ. आणि खालून दोर धरायचा, त्याला बिले म्हणतात. ताई म्हणाल्या, ‘‘डावा हात नुसता वाट दावतो. वरच्याचा जीव उजव्या हातात असतो. काय बी होऊ दे, उजवा सोडायचा न्हाई.’’

१३ नोव्हें., बुध.

अंग आंबलंय. दुकानात झेरॉक्सचं झाकण उचलताना आई आठवते. गिऱ्हाईक नसताना पडद्याच्या दोरीला आठाच्या गाठी मारतो.

ग्रुपवर मला ‘फौजी दादा’ केलंय. पुढच्या रविवारी पहिली गोष्ट हीच. सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

१७ नोव्हें., रवि.

नाही सांगितलं. उलट

चेतना मगदूम म्हणून आहे, मिरजेत नर्स. पहिल्या गाडीनं कराडला उतरते. उंचीला भिते म्हणूनच क्लबात आली म्हणे, हेही एक. तिनं विचारलं, ‘‘कुठल्या पलटणीत ओ? मराठा का?’’

‘‘हं.’’

या हंला लेस नव्हती. तिच्याकडे बघून, नीट उभं राहून म्हणालो. आजचा हं म्हणजे हो. स्वतःशी तरी खोटं लिहू नये.

चढताना मधल्या फुगवट्याखाली अडकलो. वरची खाच हाताला लागेचना. ताईंनी अलगद खाली घेतलं. खाली येऊन मी गुडघा चोळला. नुसता चोळला, बोललो काही नाही. तर चेतना बाकीच्यांना हळूच म्हणते, ‘‘ड्युटीवरचं दुखणं असणार त्येंचं. सांगत न्हाईत ही मानसं.’’

घरी आलो. अर्चना म्हणाली, कसं झालं? म्हणालो, बरं झालं.

२६ नोव्हें., मंगळ.

रविवारी गेलो नाही. पोट बिघडल्याचं कळवलं. तेही खोटंच. एका खोट्याला सोबत लागते.

नोव्हेंबर म्हणजे हयातीचे दाखले. मलकापुरातले सगळे पेन्शनर दुकानात. आज वडिलांचे, आबांचे, दोस्त सुभेदारकाका आले. झेरॉक्स निघेपर्यंत: ‘‘विकास काय म्हंतोय?’’ बरा आहे. ‘‘आन तू काय करतोस मग सध्या?’’ मशीन चालू आहे, कागद गरम गरम त्यांच्याच हातात पडतोय, आणि विचारतात काय करतोस. दर वर्षी विचारतात.

आबांनीच ही सवय लावलीय लोकांना. पाहुणा आला की त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘‘धाकटा शिमेवर, थोरला झेरॉक्सवर.’’ सगळे हसतात, मीही हसतो. भरतीला उभा राहिलो होतो तेव्हा पळण्यात पहिल्या झुंडीत होतो. टेप लावल्यावर छाती फुगली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. विकासची फुगली. एवढंच आहे सगळं. ‘फौजी दादा’ ऐकताना कानाला गोड लागतं ते यामुळे, हे मला कळत नाही असं नाही. कळतं, आणि लाज वाटते, आणि तरी गोड लागतं.

१ डिसें., रवि.

फुगवटा पार केला! चेतना बिलेला होती. ताई खालून ओरडत होत्या, ‘‘दम कोंडू नगा, छाती भरून श्वास घ्या!’’ घेतला. वरच्या खाचेत बोटं शिरली, पाय उचलला, आणि गेलो की वर. वरून कराडकडचा ऊस दिसतो, कृष्णा दिसते. तिथं कुणी विचारत नाही काय करतोस.

खाली आल्यावर चेतनानं डबा पुढं केला, बिनकांद्याचं थालीपीठ. म्हणाली, ‘‘शेवटी फौजी ते फौजीच.’’ घास तोंडातच फिरत राहिला. एवढं एक माझं स्वतःचं झालं होतं, तेही फौजीच्या नावावर गेलं.

१५ डिसें., रवि.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

चेतना चढत होती, बिलेला मी. ती आता फक्त माझ्याच दोरावर चढते. खाली बसलेल्यांनी बर्फातलं काहीतरी सांगा म्हणून धरलं. विकासचा किस्सा सांगायला लागलो, आमच्या घरी गाजलेला: गस्तीवर पुढचा जवान बर्फाच्या भेगेत जातो आणि मागचा, म्हणजे विकास, त्याला दोरावर तोलून धरतो. आबा आल्यागेल्याला ऐकवतात, तोंडपाठ आहे. फक्त ‘भाऊ’च्या जागी ‘मी’ घातलं. कुणीतरी विचारलं, बर्फ किती होता? मी कमरेला हात लावून दाखवलं, एवढा.

उजवा हात.

तेवढ्यात ती सुटली. दोर सळसळत गेला. हात टाकला, पकडला, तळवा भाजला, पण ती तोवर खालच्या टप्प्यावर आदळली होती. घोटा मुरगळला. आणखी थोडं खाली आली असती तर

ती लंगडत आली, माझा तळवा उघडून बघितला. डोळ्यांत पाणी. ‘‘हात भाजला तरी सोडला न्हाई ओ यांनी. दुसरं कोण असतं तर आज मी ऱ्हात न्हवते.’’ तळव्याचा फोटो ग्रुपवर गेला. खाली नुसते नमस्कार आणि झेंडे. ताई त्या वेळी पलीकडचा दोर बघत होत्या. बसलेले किश्श्यात गुंगले होते. कमरेला लावलेला हात सगळ्यांनी पाहिला, दोरावरून सुटलेला कुणीच नाही.

मलमपट्टीही तिनंच केली. लंगडत.

१७ डिसें., मंगळ.

अर्चनानं आज पट्टी सोडून हात बघितला. ‘‘दोरानं भाजलं’’ म्हटलं तर कौतुकानं हळद-तूप लावलं. या घरात, त्या क्लबात, सगळीकडे माझं कौतुकच चाललंय. लाज गिळायची तरी किती.

चेतनाला मेसेज लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला, खोडला. शेवटी ‘घोटा कसा आहे’ एवढाच पाठवला. ‘मस्त फौजी दादा’ आलं.

८ जाने., बुध.

विद्याताई दुकानात आल्या. सव्वीस जानेवारीला आगाशिवच्या सुळक्यावर झेंडा लावायचा आहे. आधी चेतना चढणार, बिलेला मी. घोटा बरा झाला तिचा आणि पहिला मान तिनं मागून घेतला. मग मी चढून झेंडा फडकवायचा. शाळेची मुलं खाली उभी राहून राष्ट्रगीत म्हणणार.

‘‘पोस्टर तुमच्याच दुकानात करा की, फौजी. घरचं काम.’’

केलं. नाव घातलं, पुढची ओळ घातली नाही. ताईंनी चष्मा लावून वाचलं, ‘‘आवं, ‘माजी सैनिक’ ऱ्हायलं न्हवं!’’

मी म्हणालो, ‘‘हं.’’ आणि टाइप केलं. मोठ्या अक्षरात. माझ्याच मशीनमधून माझ्याच खोट्याच्या प्रती निघत होत्या आणि मी कडा जुळवून गठ्ठा ठोकत होतो. सवयीनं.

२० जाने., सोम.

विकास सुट्टीवर येतोय परवा. याच आठवड्यात यायचं होतं त्याला. पोस्टरं कड्याच्या पायथ्याला आणि स्टँडवर लागलीत. घरापासून लांब आहेत, पण आबांना पाय आहेत.

२२ जाने., बुध.

स्टँडवर उतरल्या उतरल्या विकासनं वाचलं. घरी नाही, दुकानात आला आधी. बॅग खांद्यालाच. शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसला.

‘‘दादा, रिटायर कवा झालास?’’

तो हसायला लागला. हसून हसून खोकला आला. मला वाटलं मारला असता तर बरं. मग सगळं सांगितलं त्याला. लेस, हं, मराठा, गुडघा, किस्सा. बर्फाचा किस्सा म्हटल्यावर त्याचं हसू थांबलं.

‘‘त्यो किस्सा सांगितलास?’’

‘‘तुझाच.’’

‘‘माझा कुठला रं. मेसमधी ऐकलेला. मी स्टोअरला हाय, दादा. कापडं, बूट मोजून देतो. बर्फ फ्रीजमधी बघितलाय. आबा दर बारीला इचारायचे, आज काय झालं, काय झालं… मग एकदा सांगितला.’’

शटरबाहेर कुणीतरी ‘‘झेरॉक्स हाय का?’’ म्हणून विचारत होतं. आबांचा किस्सा कुणाचा कुणाचा होऊन गेला. हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही.

तळव्याचा डाग बघून म्हणाला, ह्ये काय? तेही सांगितलं. कमरेला हात लावून दाखवलं तेसुद्धा. तेव्हा मात्र तो उठला.

‘‘तिला म्हाईत हाय?’’

‘‘फौजी नाही ते?’’

‘‘त्ये खड्ड्यात जाऊ दे. हात सोडलास त्ये.’’

‘‘नाही.’’

‘‘आन सव्वीसला पुन्यांदा तुझ्याच दोरावर चढनार हाय ती?’’

बॅग उचलून घरी गेला. जेवताना आबांनी त्याला बर्फाचं विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘आवं आबा, जेवू द्या की.’’ तेवढ्यावर राहिलं. त्याचं त्यानं बघावं.

२४ जाने., शुक्र.

दोन महिने मी फौजीच्या लाजेत लोळतोय. हाताची लाज तिच्याखाली दडवून ठेवली होती, सोयीची होती म्हणून. छाती फुगली नाही हा माझा दोष नव्हे. हात सोडला तो माझाच.

काल दुपारी मिरजेला जाऊन समोरासमोर सांगावं म्हणून स्टेशनात गेलो. गाडी आली. गेली. मी चहा पिऊन परत आलो. अर्चनाला काहीच माहीत नाही; ती सकाळच्या सत्रात, ताई दुपारच्या, दोघींची गाठ क्वचितच. तिला सांगितलं की बाँडपेपर आणायला गेलो होतो.

२५ जाने., शनि.

संध्याकाळी फोन केला. गच्चीवर जाऊन. विकास खाली पायरीवर शेंगा फोडत बसला होता, वर बघत नव्हता.

चेतना ड्युटी संपवून निघत होती. ‘‘बोला फौजी दादा! उद्याची लय धाकधूक होतीया बगा. पर तुमी हाय म्हटल्यावर…’’

तिला पुढं बोलू दिलं नाही. म्हणालो, मी फौजी नाही. कधीच नव्हतो. माझं झेरॉक्सचं दुकान आहे एवढंच खरं. आणि तू पडलीस तेव्हा माझा उजवा हात दोरावर नव्हता. बर्फ किती होता ते दाखवत होतो. हात भाजला तो सोडला नाही म्हणून नव्हे, उशिरा धरला म्हणून भाजला.

पलीकडे कुणाला तरी हाका मारत होते, ढकलगाडीची चाकं वाजत होती. मग तेही आवाज थांबले. मला वाटलं फोन कट झाला. दोनदा ‘‘चेतना?’’ म्हटलं.

मग ती म्हणाली, ‘‘हं.’’

आणि फोन ठेवला.

हो म्हणाली, की ऐकू आलं म्हणाली, की पुढं बोला म्हणाली, की झालं तुमचं म्हणाली. या अक्षरात काय काय मावतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पुन्हा फोन लावायची हिंमत झाली नाही.

ताईंना सकाळी पायथ्याशीच सांगायचं, पोरं यायच्या आत. मग दोर कुणाच्या हातात द्यायचा ते त्या ठरवतील. चेतना पहिल्या गाडीला असली तर ती ठरवेल.

विकास म्हणतोय मी पण येतो, खाली बसतो. हिरवा टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून त्याच्या बॅगेवर ठेवला. बूट पण. अर्चनाला म्हटलं माझी दुकानातली चप्पल चालणार नाही, तुझ्या शाळेतल्या कुणाचे बूट मिळतील का माझ्या मापाचे? ती म्हणाली, आता, या वेळी? आणि विचारायला गेली.