नाला नियंत्रण समिती

४ मे, रविवार.
यंदा जयाच्या शिलाईच्या खोलीत पाण्याचा एक थेंब येऊ द्यायचा नाही. निश्चय पक्का. मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतला नाला तुंबला, पाणी गुडघाभर आत आलं, मशीनची मोटर जळाली आणि गिऱ्हाइकांचे चौदा ब्लाउज चिखलात गेले. गिऱ्हाइकं परत यायला संक्रांत उजाडली.

जयानं आज चहा देताना सांगितलं की यंदा पाणी घुसलं तर मी मशीन उचलून पुसदले भावाकडे जाईन, तिथंच दुकान टाकीन. मी विचारलं, परत कधी येशील? ती म्हणाली, पाणी उतरलं का पाहू.

घाबरण्याचं कारण नाही. एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. दिवसाला शंभर गाड्या सोडल्या, एका नाल्याचं काय. संध्याकाळी ‘नाला नियंत्रण समिती’ स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिवही सध्या मीच. सदस्य म्हणून शेजारच्या मारोतीचं नाव घातलं. त्याला सवडीनं कळवू.

९ मे, शुक्रवार.
नगरपंचायतीच्या पावसाळी पाणी निचरा योजनेत आमचा नाला घ्यावा, असा अर्ज दिला. सोबत नकाशा, तीन रंगांत. पाणी तुंबण्याची कारणं त्यात दाखवली: मारोतीचा बकऱ्यांचा गोठा, देवळाच्या पायऱ्या, प्लॅस्टिक, लोकांची वृत्ती.

आमच्या दारासमोरचा स्लॅब नकाशात दाखवला नाही, कारण ते अतिक्रमण नव्हे. नाल्यावर बावीस फूट स्लॅब आहे आणि खाली पाण्यासाठी पाइप टाकलेला आहे. त्यावर आपली गाडी उभी असते, पण दिवाळीत कोणीही तिथं रांगोळी काढू शकतं. मी त्याला सार्वजनिक सोय समजतो.

२० मे, मंगळवार.
अर्जाचा परिणाम! नगरपंचायतीच्या इंजिनिअर प्रियंका मॅडम टेप घेऊन पाहणीला आल्या. वयानं लहान, पण चौकस. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी आमचा स्लॅबच मोजला. चांगलं बांधकाम ओळखणारी माणसं अजून आहेत.

पाइप केवढा आहे, असं त्यांनी विचारलं. दोन फुटी, मी सांगितलं. वरून नाला सात फूट रुंद येतो, मग सात फुटाचं पाणी दोन फुटातून कसं जाईल, असं त्या म्हणाल्या. मी समजावलं की मॅडम, स्टँडच्या गेटातून एकावेळी एकच गाडी निघते, तरी सगळ्या निघतातच ना. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

योजनेची अट अशी की नाल्यावर जे काही बांधलं असेल ते मालकांच्या संमतीनं काढायचं, मग खोलीकरण आणि रुंदीकरण. संमती नाही दिली तर योजना दुसऱ्या वॉर्डात जाईल. अट योग्य आहे. मारोतीनं गोठा काढलाच पाहिजे.

२४ मे, शनिवार.
नालेसफाई. जेसीबी ढाणकीहून आला. मी सकाळी सातपासून हातवारे करून तो मागेपुढे घेतला. आपल्याकडची पद्धत अशी की गाळ काढायचा, काठावर ढीग घालायचा, ढिगासमोर मोबाइलवर फोटो काढायचा आणि जायचं. गाळ उचलून न्यायला ट्रॅक्टर आमच्या हयातीत कोणी पाहिला नाही. पद्धत पाळली. ढीग मारोतीच्या बाजूला घातला.

स्लॅबखाली जेसीबीचा हात जाईना. ड्रायव्हर म्हणाला, काका, तोडा नाहीतर राहू द्या. मी म्हटलं, राहू द्या. त्याच्या कागदावर ‘काम समाधानकारक’ अशी सही केली.

२ जून, सोमवार.
दुपारी अर्धा तास पाऊस. काठावरचा गाळ जिथून आला होता तिथं सुखरूप पोचला. पाणी आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं. मी जयाला सांगितलं की ही ट्रायल समज. तिनं विटा आणून मशीन वर ठेवली.

मारोती भिजत आला. काका, तुमचा स्लॅब काहून नाही तोडत, सारं पाणी तिथंच अडून राह्यलं, म्हणाला. मी त्याला समितीच्या बैठकीत मुद्दा मांडायला सांगितलं. बैठक कधी, त्यानं विचारलं. ते सचिव ठरवतील.

९ जून, सोमवार.
यवतमाळला जाऊन कलेक्टर ऑफिसात निवेदन दिलं. स्लॅब तोडण्यापेक्षा नालाच शाळेच्या मागून वळवावा. उंचवटा लागतो, पण प्रशासनानं मनावर घेतलं तर पाणी चढेल. दोन तास रांगेत होतो. बाबूनं न वाचता शिक्का मारला, म्हणजे हरकत नसावी.

येताना गाडी पन्नास मिनिटं लेट. स्टँडवरच्या कंट्रोलरला चार गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, बसा काका.

१६ जून, सोमवार.
निवेदन फेटाळलं. कारण: ‘अर्जदार सदर मालमत्तेचे मालक नाहीत.’

तडक नगरपंचायतीत गेलो. प्रियंका मॅडमनी घरटॅक्सचं रजिस्टर उघडून दाखवलं. घर जयाच्या नावावर आहे. बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी कमी पडते, म्हणून मीच तसं केलं होतं. ही हुशारी मी सगळ्या डेपोला सांगितली होती.

मॅडम म्हणाल्या, तुमच्या घराची संमती तर केव्हाच आली. कागद दाखवला. २१ मे. जयाची सही, तिच्या टाक्यांसारखी, बारीक आणि सरळ. खाली मारोतीची, मग देवळाच्या पंचांची, मग साऱ्या गल्लीची. सह्या घेत दारोदार जयाच फिरली होती, म्हणूनच नाला योजनेत आला.

घरी येऊन विचारलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, तुमी अध्यक्ष आहा ना, तुमाले ठाऊकच असन. मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, मले मशीन वाचवाची होती, तुमचा मान मंग पाहू म्हटलं.

रात्री जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

१९ जून, गुरुवार.
आज स्लॅबवर आडवं पडून विरोध करायचं ठरवलं होतं. पण आधी गाडी काढणं भाग होतं आणि चावी माझ्याकडेच. निषेध नोंदवून गाडी काढली. मारोतीनं गोठा सकाळीच हलवला होता. स्लॅब वीस मिनिटांत गेला. या वेळी गाळ आणि मलबा न्यायला दोन ट्रॅक्टर होते. जयानं संमतीच्या कागदात ते वेगळं लिहून घेतलं होतं म्हणे.

२७ जून, शुक्रवार.
अकरा वाजल्यापासून धो धो. इतका तर मागच्या ऑगस्टमध्येही नव्हता. दारात खुर्ची टाकून बसलो. गरज पडली तर मी हवा म्हणून. नाला भरून आला, वळणावर फेसाळला आणि आमच्या पायरीच्या दीड फूट खालून निघून गेला. कोणाला काही विचारलं नाही. मी करावं असं काही बाकीही नव्हतं.

तीन वाजता गल्लीतल्या बाया छत्र्या घेऊन आल्या. मारोतीच्या आईनं जयाला साखर भरवली आणि तिचा हात धरून रडली. म्हातारीच्या घरात पंचवीस वर्षांत पहिल्यांदा अशा पावसात चूल पेटली होती. मी उठून उभा राहिलो होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही आणि खरं सांगायचं तर पाहण्यासारखं काही नव्हतं. लाज वाटली.

बाया गेल्यावर जया पुन्हा शिवायला बसली. पुसदचं नाव निघालं नाही. वाटलं, आता ती माझ्याशी दोन शब्द बोलेल. बोलली. म्हणाली, अवो, जरा सरका तिकडं, दारात उभे राहून उजेड अडवून राह्यले.

मी सरकलो.