ओढला की यावा, सोडला की जावा

३० मार्च, रविवार

गाडी घेतली. सेकंडहॅन्ड आहे, पण सनरूफवाली! बटण दाबलं की छपराची काच सरकते आणि थेट आभाळ. बदलापूरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत अशी दुसरी गाडी नाही. कीर्ती खाली आली, वर बघितलं आणि म्हणाली, अहो, बदलापुरात ऊन कमी पडतं का, म्हणून छपराला भोक पाडलेली गाडी आणलीत? लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोला व्हिजन देता आलं नाही.

संध्याकाळी उल्हासनगर कॅम्प ५ मधून शलाकाचा फोन. एकुलती एक भाची. यशोधराताईची मुलगी. २७ एप्रिलला लग्न आहे. म्हणाली, मामा, हॉलवर मी तुझ्याच गाडीतून जाणार. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणार नाही. सनरूफची बातमी उल्हासनगरपर्यंत पोचलेली दिसते.

संकल्प: भाची आभाळ बघत बघत लग्नाला जाईल.

१ एप्रिल, मंगळवार

दुपारी गाडी बाहेर काढली. टाळू भाजली.

सनरूफच्या काचेखाली आतून एक पडदा असतो म्हणे. ऊन असलं की ओढायचा, नको असला की आपोआप मागे गुंडाळला जातो. माझ्या गाडीत पडद्याची खाच आहे. पडदा नाही. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, साहेब, पडदा लावलात तर लोकांना सनरूफ दिसणार कसं? त्याच्या बोलण्यात पॉइंट आहे. पण टाळू अजून चुरचुरतेय.

६ एप्रिल, रविवार

ट्रायल घेतली. कॅम्प ५ मधल्या ताईच्या घरापासून अंबरनाथच्या हॉलपर्यंत, ऐन लग्नाच्या वेळेला. मागे ताई आणि दाजी. हॉलवर पोचेपर्यंत ताई टोमॅटोसारखी लाल. उतरल्यावर पायरीवरच बसली. म्हणाली, महेंद्र, माझ्या लेकीचा मेकअप रस्त्यातच वितळेल रे.

दाजी म्हणजे महिपतीदाजी, कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, सुजितची गाडी आहे की. सुजित हा दाजींचा धाकटा भाऊ, शलाकाचा काका. त्याच्याकडे एक जुना डबा आहे. वर साधा पत्रा. त्या डब्यातून माझी भाची लग्नाला जाणार? मामा जिवंत असताना? मी स्पष्ट सांगितलं, पडदा बसवून दाखवतो. दाजी म्हणाले, बसला तर मामाची गाडी, नाहीतर काकाची. विषय संपला.

विषय संपलेला नाही. मामाच्या मानाचा प्रश्न आहे.

८ एप्रिल, मंगळवार

हाफ डे टाकून अंबरनाथला अल्पेशच्या गॅरेजला. तो म्हणाला, अख्खं छत उतरवावं लागेल, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, मे उजाडेल. एवढ्याशा पडद्याला मे? मी कंपनीत स्टोअर सांभाळतो. मटेरियल मला कुणी शिकवायचं नाही. हे मी त्याला बोलूनही दाखवलं. तो दुसऱ्या गाडीखाली जाऊन झोपला.

११ एप्रिल, शुक्रवार

ऑनलाइन मागवलेला चंदेरी पडदा आला. काचेला रबराच्या वाट्यांनी चिकटतो. एकदम फॉरेन लुक. कीर्तीला मागे बसवून फेरी मारली. पहिल्या स्पीडब्रेकरला एक वाटी सुटली, दुसऱ्याला उरलेल्या. पडदा कीर्तीच्या डोक्यावर. वाटी केसांत अडकली. ती काढताना थोडे केस आले. थोडेच.

बदलापूरपर्यंत कीर्ती एक शब्द बोलली नाही. रस्त्यांचा दर्जा हा या देशातला मोठा प्रश्न आहे.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती. सकाळी वंदनेला, मग मिरवणूक. आज पडद्याचा विषय नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मिरवणुकीत सुजित भेटला. जयभीम घातला आणि पडद्याचं काय झालं विचारलं. कमाल आहे! माणसाला प्रसंगाचं भान नको?

१६ एप्रिल, बुधवार

सापडलं! काखेत कळसा आणि मी ऑनलाइन शोधत बसलो. उल्हासनगर! गल्लीगल्लीत जीन्स शिवतात. जीन्सच्या कापडातून ऊन जाईल? बापजन्मात जाणार नाही.

संध्याकाळी कॅम्प ५ ला सनीच्या कारखान्यात. सनीचे वडील माझ्या ओळखीचे. त्याला एका वाक्यात समजावलं: ओढला की यावा, सोडला की जावा. तो म्हणाला, समझ गया अंकल, इलास्टिक. हुशार आहे. मग टेप घेऊन आला आणि विचारलं, कमर कितनी? मी म्हटलं, माझी? म्हणाला, गाडी की.

नंतर त्याने विचारलं, अंकल, वॉश कौनसा? मी सांगितलं, वॉशचं तू सोड, आमचा बदलापूरला वॉशिंग सेंटरवाला ठरलेला आहे. तो म्हणाला, मतलब कच्चा ही दे दूँ? मी विचारलं, कच्चा म्हणजे कोरा करकरीत ना? एकदाही न धुतलेला? हो म्हणाला. मग तोच दे म्हटलं. भाचीच्या लग्नाला धुतलेलं कापड कोण लावतं? सनी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. गिऱ्हाईकाला मालातलं कळतं हे दुकानदाराला लगेच समजतं.

२० एप्रिल, रविवार

पडदा आला. गडद निळा, जाड, भारदस्त. काही बारीकसारीक गोष्टी ऑर्डरमध्ये नव्हत्या. पट्टा घालायच्या लुप्या आहेत. मागचा खिसा आहे. खिशावर चामड्याचं लेबल. आणि बरोब्बर मधोमध चेन. सनी म्हणाला, कारीगर को आदत है अंकल, हाथ रुकता नहीं.

आधी वैतागलो. मग विचार केला. खिशात गॉगल ठेवता येतो. आणि पडदा न काढता नुसती चेन उघडली की आभाळ दिसतं! ऊन हवं तेवढंच आत. असं कुठल्याच गाडीत नसेल. ही कल्पना मुळात मलाच सुचली असणार, बोलण्याच्या ओघात सनीला सांगितली असेल.

टेस्टिंग: ओढला की येतो. सोडला की जातो, पण जरा जोरात जातो. कीर्तीचा चष्मा गेला. काच शाबूत आहे, दांडी तेवढी बदलावी लागेल.

पडदा बसवताना बोटं निळी झाली. कीर्ती म्हणाली, अहो, रंग जातोय याचा. मी म्हटलं, जातोय म्हणजे भरपूर आहे. हलक्या मालात जाण्याइतका रंगच नसतो.

२४ एप्रिल, गुरुवार

दाजींचं इन्स्पेक्शन. भर दुपारी मागे बसले. डोक्याला हात लावून बघितलं. गार. ठीक आहे म्हणाले. दाजींच्या तोंडून ठीक आहे म्हणजे आपल्याकडचं सुवर्णपदक.

सुजितने चेन वर केली, खाली केली, पुन्हा वर केली आणि मोठ्याने हसत अंगणात फिरला. जळतो. शलाका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, मामा, तू पण ना! पोरगी भारावून गेली. मला पण भरून आलं. लहानपणी ही माझ्या खांद्यावर बसून यात्रेला यायची.

मामाची गाडी फायनल.

२७ एप्रिल, रविवार, सकाळ

मंगल दिवस! पहाटे उठून आंघोळ, पांढरा कुर्ता. वॉशिंग सेंटरवाल्याला खास आज लवकर उघडायला लावलं. म्हटलं, फुल वॉश, पाण्याचा प्रेशर कमी पडता कामा नये. आत कोंदट वास नको म्हणून सनरूफची काच मागून जराशी उचलून ठेवली. असल्या बारीक गोष्टी सुचायला अनुभव लागतो.

वॉशनंतर पडदा आणखी गडद दिसतोय. खुलला आहे. बॉनेटवर झेंडूची माळ लावली. निघतो.

त्याच दिवशी, दुपार, हॉलच्या मागे, गाडीत

आत मंगलगाथा चालू आहेत. ऐकू येतात इथून. लिहून काढतो, म्हणजे जरा मोकळं वाटेल.

नवरी पांढऱ्याशुभ्र साडीत. आपल्यात पांढरीच असते. शलाका अशी दिसत होती की मी क्षणभर किल्लीच विसरलो. मागे ती, ताई आणि कीर्ती. दाजी आणि सुजित मागच्या डब्यात. निघालो. सगळं छान. पहिल्या वळणावर शलाका म्हणाली, मामा, एसी गळतोय का? मी म्हटलं, नवीन गॅस भरलाय, गारवा असणारच. मग ताई किंचाळली.

खांद्यावर एक निळा ठिपका. मांडीवर दुसरा. पदरावर तीन-चार. मी गाडी बाजूला घेतली. नेमकं कुठून गळतंय ते बघायला मागे वळलो आणि चेन उघडली.

चेन उघडायला नको होती. अख्खा वॉश पडद्यात साठून बसला होता.

माझ्या तोंडून निघालं, असू दे, निळा रंग आपलाच आहे. एरवी या वाक्याला माणसं हसली असती. दाजी मागून चालत आले, लेकीकडे बघितलं आणि म्हणाले, महेंद्र, तू आता बोलू नको. दाजी आवाज चढवत नाहीत. आजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

शलाका उतरून सुजितच्या डब्यात बसली. रडली नाही. ओठ दाबून धरले होते. ताई गेली, कीर्तीही गेली. मी एकटाच बॉनेटवर झेंडूची माळ घेऊन मागून. नाक्यावर एका म्हाताऱ्याने मलाच नवरदेव समजून हात जोडले.

कीर्तीची साडी पांढरी होती, ती मागच्या कोपऱ्यात बसल्यामुळे वाचली. हॉलवर तिने ती सोडून शलाकाला नेसवली आणि स्वतः ती डागाळलेली नेसली. आत्ता खिडकीतून दिसली. कुणीतरी बाई पदर हातात घेऊन बघत होती. कीर्ती तिला सांगत होती, डिझाईन आहे.

आत जायला हवं. कुर्त्याचे खांदे निळे आहेत. कपाळही निळं आहे, साबणाने जात नाही.

२८ एप्रिल, सोमवार

झाल्या प्रकाराचा शांतपणे विचार केला. चूक वॉशिंग सेंटरवाल्याची. प्रेशर जास्त होता.

ताईला फोन करून हे समजावून सांगत होतो. ती म्हणाली, महेंद्र, आपण उल्हासनगरात लहानाचे मोठे झालो. आई घरी जीन्सचे धागे कापायची, आपले हात दिवाळीलासुद्धा निळे असायचे. कच्ची जीन्स धुतल्याशिवाय अंगाला लावत नाहीत हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. तुला नाही कळलं? आणि फोन ठेवला.

लाज वाटली. खरंच वाटली. फोटोग्राफरने सॅम्पल फोटो पाठवलेत, सगळ्यांत मामाचं कपाळ निळं. जेवलो नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

जेवलो.

३ मे, शनिवार

सकाळी सासरहून शलाकाचा फोन. मला वाटलं, आता ऐकवणार. ती म्हणाली, मामा, माहेरी न्यायला तूच ये. मी म्हटलं, येतो की, पडदा कधीच काढून टाकलाय. म्हणाली, रिक्षाने ये.

अपमान गिळला. पालेगावला तिच्या नव्या बिल्डिंगखाली रिक्षा उभी केली. जावईबापूंनी वाकून नमस्कार केला, माझ्या कपाळाकडे बघायचं टाळलं. चांगल्या घरचा मुलगा आहे.

वाटेत मी माफी मागायची म्हणून बोलायला सुरुवात केली. म्हटलं, शलाका, तुझं आभाळ बघायचं राहिलंच माझ्यामुळे. ती म्हणाली, कसलं आभाळ? मी म्हटलं, सनरूफ गं. त्यासाठीच तुला माझी गाडी हवी होती ना?

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, मामा, मला गाडी लागते. लहानपणापासून. बंद गाडीत मी डोळे घट्ट मिटून बसते, नाहीतर ओकारी येते. घरात सगळ्यांना माहीत आहे. सुजितकाका जोरात हाणतो. तू हळू चालवतोस, म्हणून तुझी गाडी हवी होती. गाडीला सनरूफ आहे हे मला तुझी ती चेन बघितली तेव्हा कळलं.

मी विचारलं, मग त्या दिवशी काकाच्या गाडीत? म्हणाली, हॉलवर पोचल्यावर आधी बाथरूममध्ये जाऊन ओकले, मग मामीची साडी नेसले.

रिक्षावाल्याला म्हटलं, हळू घे रे. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं. शलाका माझा हात धरून बसली होती, डोळे उघडे ठेवून. म्हणाली, रिक्षात नाही लागत मला, वारा असतो.

घरी आल्यावर कीर्तीला विचारलं, मी खरंच हळू चालवतो का गं? ती म्हणाली, अहो, सायकलवाले पुढे जातात.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी फास्ट आहे.