उजवी सीट, तीन इंच वर

मुलुंड पूर्व, शुक्रवार, दुपार

प्रिय नंदू,

एकोणतीस वर्षांनी तुला पत्र लिहितेय. विक्रोळीच्या कंपनीत तू शॉपफ्लोअरवर आणि मी टाइम ऑफिसात होते, तेव्हाच्या चिठ्ठ्यांमध्ये 'तू' असायचं. लग्नानंतर सासूबाईंसमोर 'अहो' सुरू झालं आणि सासूबाई गेल्यावरही तसंच राहिलं. आज मात्र 'अहो' लिहिणार नाही. 'अहो' म्हटलं की माझा राग निम्मा होतो, आणि आज मला तो पुरा हवाय. समोर बसून बोलायला गेले तर तू 'बघू गं' म्हणशील आणि खाली कॅरम खेळायला जाशील. म्हणून कागद घेतला.

दसऱ्याच्या दिवशी तू मला डोळे मिटायला लावून सोसायटीच्या मागच्या मैदानात नेलंस. तिथे आपली गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती आणि निम्मी बिल्डिंग आजूबाजूला. तू दार उघडलंस आणि पुढच्या दोन्ही नव्या सीटा दाखवल्यास. तपकिरी रंगाच्या, हाताला टेकू असलेल्या, आणि कळ ओढली की गर्रकन मागे वळणाऱ्या. गाडी थांबली की पुढच्या सीटा मागे फिरवायच्या, मधलं टेबल उघडायचं, की झाली बैठकीची खोली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मला डाव्या सीटवर बसवून गोल फिरवलंस, मीही हसले. हसणारच, तू इतक्या हौसेने केलं होतंस. मग मी म्हटलं, आता उजवीकडे बसून बघते.

तिथे बसले आणि माझे पाय लोंबकळले. सीट पुढे सरकवली, पाठीला उशी घेतली, तरी क्लच अर्ध्यापुढे दाबला जाईना. चार फूट अकरा इंचांची बाई मी. जुन्या सीटवर टाच टेकायची आणि पाऊल पोचायचं. तू काय केलंस? फोटो काढलास. माझे हवेतले पाय आणि माझा चेहरा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलंस, 'लायसन्स आलं, पाय यायचेत.' त्रेपन्न जण हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या द्रौपदीताई अजून लिफ्टमध्ये माझ्या पायांकडे बघतात.

तुला तो विनोद वाटला. मला काय वाटलं ते तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. अकरा वर्षांपूर्वी तू ती जुनी सतरा सीटची गाडी आणलीस, मागच्या सीटा काढून पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवलीस, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं. मी नाही काढलं. पडदे मी शिवले. त्या गाडीतून आपण पार कन्याकुमारीपर्यंत गेलो आणि अकरा वर्षं मी डाव्या सीटवर बसून संत्री सोलली, बिया काढून फोडी तुझ्या हातात दिल्या, काच पुसली, टोलच्या रांगेत पाणी दिलं, तुला झोप येऊ नये म्हणून घसा बसेपर्यंत बोलले. ट्रकवर याला क्लीनर म्हणतात. मी कधी तक्रार केली नाही, कारण मला ते आवडायचंही. तेही खोटं सांगणार नाही.

पण मग फेब्रुवारी आला. माणगावचा तो रस्ता तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. पनवेलची गर्दी टाळायची म्हणून तू न्याहारी सोडलीस आणि साखर उतरवायची गोळी मात्र घेतलीस. बोलता बोलता तू उत्तरं देईनासा झालास. बघते तर घामाने निथळतोयस, हात थरथरतायत. गाडी तू कशीबशी कडेला घेतलीस, तीही निम्मीच. मागचं अंग रस्त्यावर राहिलं आणि मान स्टिअरिंगवर टाकलीस. मी तुझ्या तोंडात साखर कोंबत होते आणि मागून ट्रक हॉर्न मारत अंगावरून जात होते. गाडी वीस पावलं पुढे घ्यायची होती, फक्त वीस पावलं, आणि मला ती घेता येत नव्हती. शेवटी एसटीचा एक ड्रायव्हर उतरला, त्याने गाडी झाडाखाली लावली. त्या वेळात दोनदा मला वाटलं की तू गेलास. डोळे उघडल्यावर तू पहिलं काय म्हणालास, तर अबोलीला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ घातलीस. मी ती पाळली. अंधेरीहून पोरगी दर रविवारी येते आणि मी तिच्या तोंडावर खोटं हसते.

पुढच्याच सोमवारी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तुला सांगितलं, योगाचा वर्ग आहे. सत्तावन्नाव्या वर्षी, सोबत कॉलेजची पोरं. मास्तर ओरडायचा, मी दोनदा रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या, एकदा घरी येऊन रडलेही. पास झाले त्या दिवशी तू पेढे आणलेस आणि सगळ्यांदेखत कबूल केलंस की डिसेंबरात देवगडला, माझ्या माहेरच्या जत्रेला जाताना पनवेल ते माणगाव रेवती चालवणार. मग दर रविवारी सकाळी मी मैदानात आपली गाडी फिरवायला लागले. आणि एक गंमत झाली नंदू. शिकले होते भीतीपोटी, पण मला ते आवडायला लागलं. एवढं मोठं धूड माझं ऐकतं याचा मला इतका आनंद व्हायचा की नाश्त्याची आठवण राहायची नाही. तू गॅलरीतून बघायचास. तुलाही कौतुक वाटतंय असं मी धरून चालले होते.

दसऱ्यानंतर मी मैदानात गेले नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नाही. उशी घेऊन बस, एवढं एकदा म्हणालास. मी ठरवलं, तुला माहीत नसेल, पुरुषमाणसाने स्वतःच्या मापाने सीट घेतली, चूक झाली. दोन महिने मी तुझ्या बाजूने स्वतःशी भांडले.

पाण्याची टाकी गळते म्हणून तू परवा गाडी गोरेगावला, नव्या सीटा बसवणाऱ्या हर्षदच्या गॅरेजात सोडलीस. काल अबोलीकडे जाते म्हणून निघाले ती मी गोरेगावला गेले. शूटिंगच्या व्हॅनच्या रांगेत आपली गाडी उभी होती. हर्षदने खुर्ची दिली, चहा मागवला. मी विचारलं, सीट खाली घेता येईल का? तो गडबडला. म्हणाला, वहिनी, फिरता स्टँड घातला की सीट तीन इंच वर येतेच, मी साहेबांना तेव्हाच म्हटलं होतं की आधी वहिनींना बसवून बघा, नाहीतर उजवीकडे साधी बसवू. त्यावर साहेब म्हणाले, ती कुठे चालवणार आहे, चार दिवसांची हौस आहे, त्यापेक्षा डावी जरा मऊ कर.

चार दिवसांची हौस. नंदू, मी तो चहा संपवू शकले नाही. तुला माहीत होतं. माणगावला काय झालं तेही माहीत होतं आणि मी कशासाठी शिकले तेही. माझी सीट मऊ केलीस म्हणजे मी तिथेच बसेन आणि तू पुन्हा मान टाकलीस की पुन्हा नुसती किंचाळेन. याचा मला किती संताप आलाय ते लिहायला शब्द नाहीत. भित्रा आहेस तू. बायको गाडी चालवते याला नाही भीत, ती का चालवते ते लोकांनी विचारलं तर, याला भितोस.

आपल्या जुन्या सीटा हर्षदच्या मागच्या शेडमध्ये होत्या. त्याचे कारागीर त्यावर बसून डबा खात होते. डावीवर माझ्या संत्र्यांचे डाग अजून आहेत. मी उजवी उचलायला सांगितली. चार बोल्ट, पाऊण तास. नवी काढली, जुनी तिच्या जुन्या जागी बसवली, नवीचं गिऱ्हाईक हर्षद बघेल. मी बसले, टाच टेकली, पाऊल पोचलं. गाडी मीच घरी आणली. जोगेश्वरीच्या लिंक रोडने, भर गर्दीत, दोनदा बंद पडली आणि दोनदा चालू केली. हर्षद शेजारी बसला होता. विक्रोळीला तो म्हणाला, वहिनी, मी इथेच उतरतो, तुम्हाला माझी गरज नाही. तिथून मुलुंडपर्यंत शेजारची सीट रिकामी होती. काल संध्याकाळी तुला वाटलं गाडी हर्षदच्या माणसाने आणून लावली. माणूस मीच होते.

हे पत्र मी गाडीत, डाव्या सीटवर ठेवतेय, दाराला कुलूप लावणार नाही. उद्याच्या बॅगा ठेवायला तू संध्याकाळी जाशील, तेव्हा मिळेल. वाचायला तिथेच बस, सीट खरंच छान आहे, फिरतेही. उद्या सकाळी सहाला मी निघणार, उजवीकडे मी. चावी माझ्याकडे आहे आणि इथून पुढे ती माझ्याकडेच राहील. तू डावीकडे बसलास तर दोघं देवगडला जाऊ. नाही बसलास तर मी गाडी अंधेरीला नेईन, अबोलीला माणगावचं सगळं सांगेन आणि तिला घेऊन जत्रेला जाईन. शपथ मोडल्याचं पाप लागलं तर लागू दे, माझ्याच गळ्याची आहे. रागावलेय मी, अजून बरेच दिवस रागावणार आहे, पण त्यासाठी तू शेजारी जिवंत बसलेला हवायस. न्याहारी करून ये. आणि संत्री ओट्यावर ठेवलीत, ती घेऊन ये. बिया नीट काढ, माझे हात रिकामे नसतील.

तुझीच,
रेवती