गोदूबायचा हात

उरण,
२ डिसेंबर २०२४

प्रिय गोदूबाय,

तुझ्या शकूचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल लावतेस की बाटली अजून कपाटातच आहे? कपाटातच असणार. चांगली वस्तू राखून ठेवायची तुझी खोड काही जायची नाही.

इकडे सगळे बरे आहेत. भात झोडून झालं. बाबा ज्याला 'पोरींचं खाचर' म्हणायचे, त्यातलेच तांदूळ तुझ्यासाठी बाजूला काढलेत. माझा प्रणय आता न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. चंदरदादानेच दिला. ट्रेलरच्या पाठीवर प्रणयने 'आजोबांची कृपा' असं लाल अक्षरांत रंगवून घेतलंय. आजोबांना सायकल चालवता येत नव्हती, पण कृपा केवढी बघ.

तुझ्या दिरांनी खोलीचा विषय पुन्हा काढला का? होळीपर्यंत राहा म्हणालेत, एवढंच तू भाऊबीजेला बोललीस. मी पुढे काही विचारलं नाही आणि पिशवी भरायला लागले.

आता कामाचं. पुढल्या आठवड्यात शुक्रवारी, तेरा तारखेला, रजिस्टर ऑफिसात सह्या आहेत. रेवसहून सकाळच्या पहिल्या लाँचने करंज्याला उतर, प्रणय घ्यायला येईल. आधार कार्ड आण. सही झाली की घरी जेवायला चल, वहिनी जिताड्याचं कालवण करणार आहे. साडीची काळजी करू नकोस. चंदरदादाने दोघींना साड्या घेतल्यात.

इथपर्यंतचं पत्र चंदरदादा समोर बसून सांगत होता. कालवणसुद्धा त्यानेच घालायला लावलं. आता तो कंटेनर यार्डवाल्यांकडे गेलाय आणि मी पाकीट चिकटवलं असं त्याला वाटतंय.

गोदूबाय, साड्या त्याने घेतल्या नाहीत, मी आणल्या. पैसे त्याचे, पाय माझे. ऑफिसच्या गल्लीतल्या त्या दुकानात गेले. दोन साड्या दाखवा म्हटलं, तर दुकानदाराने वर न बघताच विचारलं, "हक्कसोडीच्या ना?" त्याने खालच्या फळीवरून गठ्ठाच काढला. "ह्या न्हे. भाऊ लोक ह्याच न्हेतात. रंग जात न्हाय, बहिनी खूश होतात."

अख्खा गठ्ठा, गोदूबाय. एकसारख्या किनारीच्या. किती बहिणींच्या असतील देव जाणे. मी त्यातल्या दोन उचलल्या आणि वर घासाघीसही केली.

हक्कसोड म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आपल्या आत्यांनी केली, शेजारच्या सोनाबाईने केली. भावाने साडी द्यायची, बहिणीने बापाच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडायचा आणि मग माहेरचं दार उघडं राहतं. जी सोडत नाही तिला कोणी हळदीलासुद्धा बोलवत नाही. तेरा तारखेचा कागद तोच आहे. भाऊबीजेला मी तुला कागदावर लिहून दाखवलं की बाबांच्या जागी आपल्या तिघांची नावं लावायची आहेत, सही त्याचसाठी हवी. ते खोटं होतं. चंदरदादाने शिकवलेलं, पण तुझ्यासमोर बसून मीच लिहिलं.

तू काय म्हणालीस आठवतं? "म्हंजे सातबाऱ्यावर बाबांच्या खाली माजा नाव येल?" मी मान हलवली. तू परत विचारलंस, "माजा? गोदावरीचा?" आणि हसलीस. चौलला एवढी सुपारीची वाडी शिंपलीस, पण भावोजींच्या माघारी तुझ्या नावावर साधी खोली नाही. त्या हसण्यानंतर मला तुझ्या घरातला चहा गिळवेना. तुला वाटलं, साखर कमी झाली. तू उठून साखर आणलीस.

जमिनीचं असं आहे. आपली खाडीकाठची खारी शेतं यार्डवाल्यांना कंटेनर ठेवायला हवीत. वकिलाने चंदरदादाला माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "बहिणींचा वाटा तुमच्याएवढाच आहे. त्यांनी आपखुशीने सोडला तर ठीक, नाहीतर तुम्ही एकटे विकू शकत नाही." बाहेर आल्यावर चंदरदादा मला म्हणाला, "गोदूला ऐकाला येत न्हाय. तू बाजूला बस. सायेब इचारल, राजीखुशीनं सही करता का, तवा तू तिचा हात दाब. ती मान हलवल."

आपल्या हाताचं त्यालाही ठाऊक आहे, बाय. गोवराने तुझे कान गेले तेव्हापासूनचं. एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. बाजारात, देवळात, दवाखान्यात मी तुझ्या शेजारी आणि माझ्या मुठीत तुझी बोटं. तुझ्या लग्नात भटजी काय विचारत होते ते तुला कळत नव्हतं, तेव्हा मी परकर सावरत पाटाशेजारी बसले होते आणि दाबत होते. तू डोळे झाकून मान हलवत होतीस. उभ्या जन्मात मी हात चुकीचा दाबला नाही. म्हणूनच चंदरदादाने मला निवडलं.

तू विचारशील, शकू, तुला काय मिळणार? ट्रेलर. तो अजून चंदरदादाच्या नावावर आहे. सह्या झाल्या की प्रणयच्या नावावर करणार. नाही झाल्या तर चावी परत. मी लगेच हो म्हटलं नव्हतं असं लिहायचं होतं मला. पण लगेचच म्हटलं. माझा हक्क मी सोडला तर तो माझा प्रश्न. पण तुझाही सोडून दिला. तुला होळीनंतर छप्पर नाही हे माहीत असताना दिला. मला माझी लाज वाटते, गोदूबाय. देवाजवळ बसले तरी हात जोडवत नाहीत.

आता नीट वाच. शुक्रवारी येऊ नकोस असं लिहिणार होते. पण तू नाही आलीस तर चंदरदादा चौलला येईल, अंगणात रडेल, बाबांची शपथ घालेल आणि तू विरघळशील. तुला मी ओळखते. त्यापेक्षा ये. तांदूळही घेऊन जा, ते तुझे आहेत. ऑफिसात साहेबांना आपल्या तोंडाने सांग, "मना ऐकाला येत न्हाय, काय इचारता ते लिवून दाखवा." तुला वाचता येतं म्हणून चंदरदादाने हे पत्र लिहून घेतलं, पण ऑफिसातही तू वाचू शकतेस हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तुझ्या चौथीच्या पुस्तकावरूनच तो अक्षरं गिरवायला शिकला होता. साहेब लिहून देतील ते वाच आणि मग मनाला येईल ते उत्तर दे. हक्क सोडायचा असेल तर तू सोड. तुझा आहे.

घरी दंगा होईल. होऊ दे. प्रणयला दुसऱ्याची गाडी चालवावी लागेल, तो मला बोलेल, मी ऐकून घेईन.

आता तू म्हणशील, एवढं लिहिलंस तर त्या दिवशी तूच दोनदा हात दाब की. मी तसंच लिहायला घेतलं होतं. पण बाय, मागे चंदरदादा उभा असेल. बाहेर प्रणय त्या ट्रेलरला टेकून वाट बघत असेल. मी घाबरट आहे. आयत्या वेळी माझी मूठ किती वेळा मिटेल ते आज, एकटी बसलेय तरी, मला सांगता येत नाही.

म्हणून मी शेजारी येऊन बसले तरी बोटं पदरात गुंडाळून ठेव. मी मागितला तरी हात देऊ नकोस.

तुझी,
शकू