बर्फ मागणारी खोली

प्रिय ताई,

इतक्या दिवसांनी माझं पत्र, म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. भानगड आहेच, पण या वेळी माझी नाही गं. ओळीने सांगतो, नाहीतर तू म्हणशील, याचं पत्र म्हणजे सुटलेलं वासरू.

गोदीतली नोकरी सोडली. (तिथल्या मुकादमाचं नि माझं का फाटलं, ते भेटीत सांगेन, फार गमतीचं आहे.) आता मी एका विद्यापीठात आहे. मी आणि विद्यापीठ! बाबांच्या हातातून चष्माच पडेल. शिकायला नव्हे, ताटं पोचवायला. इथे फ्लूची साथ आहे आणि ताप आलेल्या मुलामुलींना जुन्या पाहुणेघरात एकेका खोलीत वेगळं ठेवलंय. मास्क, टोपी, हातमोजे चढवायचे, दारासमोरच्या स्टुलावर ताट ठेवायचं, दार वाजवायचं आणि जिन्यापर्यंत मागे सरायचं. दार किलकिलं होतं, ताट आत जातं. ना तोंड दिसतं, ना नाव कळतं.

साथीपेक्षा संशय जास्त वेगाने पसरतो बघ. वाचनालयात कोणी शिंकलं की अख्खी रांग पोलिसासारखी वळून बघते. आमच्या स्वयंपाकीणबाई कडी कोपराने उघडतात, आणि मला मिरचीचा ठसका लागला तरी ओरडतात, लांब हो रे, तुझं लक्षण काही ठीक दिसत नाही. माझं लक्षण कधी ठीक होतं, सांग! नर्सबाई तर सगळ्यांवर कडी. त्या म्हणतात, खोकणाऱ्याला मी भीत नाही, खोकला दाबणाऱ्याला भिते.

मलाही ती खोड लागली. परत आलेल्या ताटांवरून मी माणसं ओळखायला लागलो. त्यात ती कोपऱ्यातली खोली. सगळा मजला गरम पाणी मागतो, ही खोली स्वयंपाकघरात फोन करून बर्फ मागते. तोही नर्सबाई ताप बघायला यायच्या जरा आधी. जेवण म्हणावं तर पाव कागदात गुंडाळून कचऱ्यात, सूप तसंच. अन्न जात नाही, आणि तापमापी म्हणते ठणठणीत! नर्सबाई खूश, आजचा ताप बघून झाला की उद्या सोडणार. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

आठवतं? शाळा बुडवायला मी तापमापी चहात बुडवायचो. एकदा पारा असा चढला की आई म्हणाली, हा मुलगा नाही, शेगडी आहे. आणि तू उलटी! अंगात ताप, तरी हजेरी चुकू नये म्हणून तोंडात बर्फ धरून बसायचीस. बाबा म्हणायचे, एक जाईना आणि एक राहीना.

तरी म्हटलं, बर्फ काय, कोणीही चघळेल. पण आज सकाळच्या ताटात एक संत्रं परत आलं. उचलायला गेलो तर हातात नुसती साल. कुठेही न तुटता सोललेली, आणि पुन्हा गोल मिटवून ठेवलेली. अशी साल ठेवून मला जन्मभर कोणी फसवलंय, हे तुला सांगायला नको. जिन्यातच बसकण मारली मी.

तर ताई, हे पत्र टपालाने आलेलं नाही, ताटाखालून आलंय. तू या विद्यापीठात शिकतेस म्हणूनच मी इथे नोकरी धरली. म्हटलं, चार दिवस टिकतो का बघू, मग तोंड दाखवू. आईने फोनवर सांगितलं, उद्या तुझी तोंडी परीक्षा आहे. तुझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला परवा स्ट्रेचरवरून नेलं. नुसती सर्दी आहे म्हणत तो सामना खेळून आला होता, आता त्याच्या संघातले तिघे याच मजल्यावर आहेत. आजाऱ्यांना परीक्षेची दुसरी तारीख मिळते, मी नर्सबाईंना विचारलंय, कोणासाठी ते न सांगता. आज बर्फ आणलेला नाही. वाटीत गरम पाणी आहे, ते पी. नर्सबाई आल्या की खरा ताप दाखव. नाही दाखवलास तर मी सांगणार. म्हण चहाडखोर, माझा चहा तूच आईला सांगितला होतास. वाचून झालं की दार किलकिलं कर आणि नुसता हात बाहेर काढ. मी जिन्यात आहे. टोपी काढून बसलोय, म्हणजे ओळखशील.

तुझाच, एका जागी बसलेला,
भिंगरी