जाळीच्या कपाटातला कापूर

शिरूर अनंतपाळ,
ज्येष्ठ, गुरुवार (पाऊस नाही)

तीर्थस्वरूप मडिवाळप्पा दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा वीरण्णा याचा शरणु शरणार्थ.

इकडे आप्पांसह सगळे खुशाल आहेत (माझी झोप तेवढी गेली आहे). कंधारला नळाला पाणी येतं का? शिवगंगाआक्काचे गुडघे कसे आहेत? आणि शाळेत पदार्थाच्या तीन अवस्थांचा धडा अजून तुम्हीच शिकवता ना? हसू नका. माझी अब्रू त्या धड्यावर टांगली आहे.

त्याचं असं झालं. नवा जिल्हा झाला म्हणून लातूरचे नवे साहेब तलावाचं काम बघायला येणार, त्या दिवशी महादेवाची मोठी आरती करायची, असं गावानं ठरवलं. उदगीरहून दोन किलो कापूर आला आणि किराणा दुकान माझं म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी म्हटलं, घट्ट झाकणाच्या डब्यात मिरे घालून ठेवतो. सरपंच शेषेराव म्हणाले, "डब्यात काय हाय ते दिसत न्हाई. जाळीच्या कपाटात ठिवा, आल्यागेल्याला दिसंल." (माझ्यावर विश्वास आहे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.) कुलूप लागलं, किल्ली माझ्याकडे राहिली आणि साहेबांचा दौरा चैत्रातून वैशाखात, वैशाखातून ज्येष्ठात गेला. परवा तोलला तर सव्वा किलो! कुलूप जागेवर, जाळी धड आणि पाऊण किलो कापूर गायब.

मी पंचांसमोर तुमचा धडा म्हटला. (सणाच्या जेवणानंतर तुम्ही तो सांगता तेव्हा मी डोळे मिटून ऐकतो, झोपत नाही.) म्हटलं, टँकर यायच्या आधी आपण घागरी लावून जागच्या जागी चुळबुळत उभे असतो, तसे घन पदार्थातले कण. टँकर आला की ढकलाढकली करत एकमेकांच्या अंगावरून सरकतो, ते द्रवातले. पाणी संपलं म्हटलं की दाही दिशांना पांगतो, ते वायूतले. कापराचे कण मधली ढकलाढकली करतच नाहीत, रांगेतून थेट पांगतात. पंचांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं. मग शेषेराव म्हणाले, "वीरण्णा, चिमूटभर उडतो हे माझी म्हातारी बी सांगंल. पाऊण किलो कण गेले कुठं?" मी म्हटलं, हवेत, सगळ्या गावाच्या नाकात. त्यावर पंचांतल्या बसवंतानं माझा सदरा हुंगला आणि जाहीर केलं, "ह्याच्याच अंगाला लई वास यायलाय की!" दाजी, दिवसभर त्या कपाटाजवळ बसणाऱ्याच्या अंगाला वास येणार नाही तर कुणाच्या? पण हे ऐकायला कुणी थांबलं नाही.

शेवटी ठरलं, उरलेला कापूर येता सोडून पुढच्या सोमवारपर्यंत शेषेरावांच्या घरी ठेवायचा. तिथंही घटला तर मी सुटलो. मला जरा हायसं वाटलं. पण त्यांच्या पत्नी गुणाबाई मोठ्या टापटिपीच्या. त्यांनी काल तो घट्ट डब्यात भरून वर मूठभर मिरे टाकले. आता तो गुंजभरही घटायचा नाही, आणि झाकण काढा म्हणालो तर मी चोरच ठरेन. सोमवारी मला महादेवासमोर भस्म हातात घेऊन शपथ घ्यायची आहे. फार भीती वाटते, दाजी.

आपला,
वीरण्णा

ता.क. : उन्हाळ्यात जाळीतला पाऊण किलो कापूर तीन महिन्यांत उडू शकतो, असं शाळेच्या शिक्क्यासह सोमवारच्या आत लिहून पाठवा. पोस्टकार्डावरच लिहा. आमचा पोस्टमन दगडोबा वाचल्याशिवाय कार्ड देत नाही, त्यामुळे गावभर आपोआप होईल.

आणखी ता.क. : खरोखर किती उडतो, ते वेगळ्या बंद पाकिटात फक्त मला कळवा. किल्ली माझ्याकडे असते असं मी पंचांना सांगितलं, पण ती असते आप्पांच्या करदोट्याला. पाऊस नाही म्हणून आप्पा रोज पहाटे एकटेच महादेवाला जाऊन येतात. त्यांना विचारायची माझी छाती होत नाही. पाकिटात काहीही लिहावं लागलं तरी कार्डावरचा मजकूर बदलू नका. ते माझे वडील, तसे तुमचे सासरेही आहेत.